जोत, चुकानी आणि रासचक्र : कूचबिहारचे चार दिवस

"कूचबिहारला निघालोय," म्हटल्यावर आमच्या सोसायटीत तीन तऱ्हेचे प्रश्न आले. पहिला, "बिहारात कशाला जाताय?" दुसरा, "तिथं मॅच आहे का?" हा कूचबिहार ट्रॉफीमुळे. एकोणीस वर्षांखालच्या पोरांच्या या स्पर्धेचं नाव आपण पेपरात वर्षानुवर्षं वाचतो, पण ते एखाद्या गावाचं नाव असेल असं कुणाच्या डोक्यात येत नाही. तिसरा प्रश्न हिच्या भिशीतल्या एका बाईंचा, "गायत्रीदेवींचं माहेर ना ते?" तिघांत त्याच पास झाल्या.

कूचबिहार बिहारमध्ये नाही. पश्चिम बंगालच्या ईशान्य टोकाला आहे. वर भूतानचे डोंगर, खाली बांगलादेश, उजव्या हाताला आसाम. १९४९ पर्यंत तिथं संस्थान होतं. मी तेहतीस वर्षं महसूल खात्यात काढली, निवृत्त झालो नायब तहसीलदार म्हणून, आणि राहतो सांगलीत, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. आमच्या रेकॉर्डरूममध्ये संस्थानी काळातलं एखादं बाड निघालं की अव्वल कारकून कपाळाला हात लावायचा. संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झालं, पण त्या बाडातली एखादी सनद चालू दाव्यात येऊन उभी राहायची आणि दोन भावकींची झोप उडवायची. तेव्हापासून मला संस्थान म्हटलं की हत्ती-अंबारी दिसत नाही, दप्तर दिसतं. तर मला तिकडचं दप्तर कसं चालायचं ते बघायचं होतं, आणि हिला राजवाडा. कारण त्या राजवाड्यातून एका मराठी बाईनं चौदा वर्षं राज्य चालवलं होतं.

पहिला दिवस, शुक्रवार

सियालदहहून संध्याकाळी उत्तरबंग एक्सप्रेस धरली. सकाळी न्यू कूचबिहारला उतरलो तेव्हा फलाटावर धुकं होतं आणि सगळ्यांच्या डोक्यावर माकडटोप्या. आम्हाला सांगलीची थंडी अंगात मुरलेली, त्यामुळे ही बंगाली तयारी बघून हसू आलं. लॉजवर सामान टाकलं, गरम लुची आणि घुगनी खाल्ली (घुगनी म्हणजे सुक्या वाटाण्याची रस्सा उसळ, वर कांदा आणि मिरची) आणि टोटोत बसून थेट राजवाड्याच्या फाटकावर गेलो. टोटो म्हणजे तिथली बॅटरीवरची रिक्षा.

फाटक बंद. "काकिमा, आज शुक्रवार," टोटोवाला हिला म्हणाला. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. हे मला ठाऊक असायला हवं होतं.

"एवढं सगळं वाचून आलात, आणि सुट्टीचा वार तेवढा वाचला नाहीत," इति सौभाग्यवती. यावर उत्तर नव्हतं.

मग सागरदिघीवर गेलो. दिघी म्हणजे खोदलेला मोठा तलाव. हा महाराजा हरेंद्रनारायणांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पण त्याच्या चारही बाजूंना जी इमारतींची रांग आहे ती बघण्यासारखी. लाल रंग, उंच कमानी, खिडक्यांना हिरवी झडपं. कुठं कोर्ट, कुठं ग्रंथालय, कुठं बँक. जिल्हाधिकारी ज्या इमारतीत बसतात तिचं जुनं नाव लॅन्सडाउन हॉल. एखाद्या गावात मध्यभागी देऊळ असतं, कुठं बाजारपेठ असते. इथं मध्यभागी पाणी आहे आणि पाण्याभोवती कचेऱ्या. फेरफार नोंदवायला आलेला माणूस कंटाळला तर दिघीच्या काठावर बसून शेंगा खाऊ शकतो, ही सोय आमच्या तहसील कचेरीत कधी नव्हती.

आम्हीही शेंगा घेऊन बसलो आणि मी हिला थोडक्यात गोष्ट सांगितली. इथलं घराणं कोच लोकांचं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वसिंहानं राज्य उभं केलं, त्याचा मुलगा नरनारायण १५४० च्या सुमाराला गादीवर बसला आणि त्याचा भाऊ चिलाराय सेनापती. चिला म्हणजे घार. घारीसारखी झडप घालायचा म्हणून हे नाव. या दोघांनी आसामात अहोमांच्या राजधानीपर्यंत धडक मारली. नरनारायणानं चांदीची नाणी पाडली, ती नारायणी म्हणून चालली, आणि इतकी चालली की भूतान-आसामच्या बाजारातही लोक नारायणीच मागायचे. पुढच्या प्रत्येक राजाच्या नावाला 'नारायण' चिकटलं ते शेवटपर्यंत. नरनारायणाच्याच हयातीत राज्याची वाटणी झाली. पूर्वेचा भाग चिलारायाच्या मुलाकडं गेला आणि मोगलांनी पुढं दोन्हींना कुरतडायला घेतलं.

"भावकी," ही म्हणाली.

भावकीच. आणि त्याचा कळस अठराव्या शतकात. या राज्यात तीन खुर्च्या होत्या. राजा, फौज सांभाळणारा नाझिर देव आणि वसूल सांभाळणारा देवान देव. तिन्ही एकाच घराण्यातल्या, त्यामुळे तिघांचं एकमेकांशी पटायचं नाही. मध्ये भूतानचा हात शिरला. दरबारात भूतानचा माणूस बसायला लागला आणि शेवटी भूतानी लोक राजा धैर्येंद्रनारायणाला उचलूनच घेऊन गेले. तेव्हा नाझिर देवानं ईस्ट इंडिया कंपनीला हाक मारली. ५ एप्रिल १७७३ चा तह झाला. कंपनीनं फौज पाठवून भूतान्यांना हुसकलं आणि बदल्यात वसुलाचा निम्मा हिस्सा घेतला. काही वर्षांनी ती रक्कम कायमची बांधून दिली. फौज पाठवायची आणि बिल यजमानाच्या नावे फाडायचं, ही कंपनीची पद्धत आपल्याकडं तैनाती फौजेत बघितलेलीच आहे. राजा मात्र परत आला, त्यात तिबेटच्या पंचेन लामांनी केलेल्या मध्यस्थीचा वाटा होता. त्यांच्या त्या पत्रामुळेच हेस्टिंग्जनं आपला पहिला वकील तिबेटला धाडला.

परतताना एसटी स्टँडसारखं काहीतरी दिसलं म्हणून चौकशी केली. उत्तर बंगाल राज्य परिवहन महामंडळाचं मुख्यालय या गावात आहे, सिलिगुडीसारखं मोठं शहर सोडून. कारण या महामंडळाचं मूळ म्हणजे कूचबिहार संस्थानची स्वतःची बससेवा, १९४५ साली सुरू झालेली. आपली एसटी पुणे-नगर रस्त्यावर पहिल्यांदा धावली १ जून १९४८ ला. हे कळल्यावर मी उगीचच थोडा नाराज झालो.

दुसरा दिवस, शनिवार

आज फाटक उघडं. तिकीट काढून आत गेलं की लांबलचक हिरवळ, आणि तिच्या शेवटी विटांचा, कमानींवर कमानी चढवलेला दुमजली राजवाडा. १८८७ साली बांधला. लांबी ३९५ फूट, रुंदी २९६ फूट. मधोमध घुमट, तो रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या धर्तीवर. पूर्वी वर आणखी एक मजला होता म्हणतात, १८९७ च्या भूकंपात तो गेला. दरबार हॉलमध्ये घुमटाखाली उभं राहून ही वर बघत राहिली आणि मी खाली. संगमरवरी फरशीत रंगीत दगड बसवून राजचिन्ह केलंय, त्याच्याभोवती दोरी आहे. दोरीच्या अलीकडं शाळेची सहल होती आणि बाई पोरांना ओरडून सांगत होत्या की ओलांडायचं नाही. एका पोराचा बूट निसटून आत गेला, तो रखवालदारानं काठीनं ओढून बाहेर काढला. पोर रडायच्या बेतात होतं, रखवालदार मात्र हसत होता.

हा राजवाडा बांधणारे नृपेंद्रनारायण दहा महिन्यांचे असताना १८६३ साली राजे झाले. राजा पाळण्यात म्हटल्यावर इंग्रजांनी कारभार हातात घेतला. १८६४ पासून कर्नल हॉटन कमिशनर. मोजणी झाली, वसुलाची इजारदारी, म्हणजे मक्ता देऊन सारा गोळा करण्याची पद्धत, गेली, खाती पडली, पोलीस-न्याय वेगळे झाले. महाराज वयात येऊन १८८३ साली त्यांना अधिकार मिळाले तेव्हा राज्याचं कौन्सिल बसलं, त्यात महाराज अध्यक्ष आणि बरोबर राज्याचे सुपरिंटेंडेंट, दिवाण, न्यायाधीश. म्हणजे अल्पवयीन राजाच्या नावानं इंग्रजांनी जी घडी बसवली तीच राजानं पुढं चालवली. दिवाण कालिकादास दत्त तर हॉटनच्या काळापासूनचे, त्यांनी चाळीसेक वर्षं काम केलं. मला या राजवाड्यात सगळ्यात जास्त कुणाला भेटायला आवडलं असतं तर या दत्तबाबूंना. राजे लोक शिकारीला जातात, पोलो खेळतात, विलायतेला जातात. नृपेंद्रनारायण तिन्ही करायचे, १९११ मध्ये वारले तेही इंग्लंडात, बेक्सहिल नावाच्या समुद्रकाठच्या गावात. मागं फायलीवर सही कोण करतं? दत्तबाबू.

नृपेंद्रनारायणांचं लग्न मात्र साऱ्या बंगालला हादरवून गेलं. मुलगी सुनीतीदेवी, ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांची. केशवबाबूंनीच पुढाकार घेऊन १८७२ चा विवाह कायदा करवून घेतला होता, मुलगी चौदा आणि मुलगा अठरा. आणि १८७८ च्या मार्चमध्ये त्यांनीच आपली चौदाही न भरलेली मुलगी सोळाही न भरलेल्या महाराजांना दिली. दोनच महिन्यांत समाज फुटला आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. बापाच्या नावाला लागलेला हा डाग मुलीनं मात्र कामानं पुसला. १८८१ पासूनची इथली मुलींची शाळा अजून सुनीती अकादमी म्हणून चालू आहे. मुलांची जेन्किन्स स्कूल १८६१ ची, व्हिक्टोरिया कॉलेज १८८८ चं. त्या कॉलेजात ब्रजेंद्रनाथ सील यांच्यासारखा तत्त्वज्ञ बरीच वर्षं प्राचार्य होता, आता कॉलेज त्यांच्याच नावानं आहे.

आणि मग आमची इंदिराराजे. हिनं वरच्या मजल्यावर फोटोंच्या दालनात अर्धा तास घालवला. बडोद्याच्या सयाजीराव-चिमणाबाईंची ही लेक, जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी लग्न ठरलेलं. शिंदे वयानं बरेच मोठे, आधीचं एक लग्न झालेलं. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची गाठ कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राशी, जितेंद्रनारायणांशी पडली, आणि तिनं कुणालाही न विचारता शिंद्यांना स्वतःच पत्र पाठवून लग्न मोडलं. त्या काळात, दोन मराठा संस्थानांमधलं ठरलेलं लग्न! गायकवाडांच्या वाड्यात काय झालं असेल ते आपल्याला कल्पनेनंच बघावं लागेल. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईवडील गेले नाहीत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत थोरला भाऊ वारला आणि धाकटा महाराजा झाला. १९२२ च्या डिसेंबरात तेही गेले. पदरात पाच मुलं, थोरला जगद्दीपेंद्र सात वर्षांचा. इंदिराराजे रीजंट, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीनं कारभार बघणाऱ्या, झाल्या आणि १९३६ पर्यंत राहिल्या.

आपल्याकडं त्या आठवतात ते शिफॉनच्या साड्या आणि इटलीतून मागवलेल्या शंभर जोड चपलांसाठी. भिशीतही तेवढंच निघालं होतं. बाई पुष्कळ दिवस कलकत्त्यात आणि लंडनमध्ये असायच्या हेही खरं, रोजचा गाडा कौन्सिलच ओढायचं. पण सात वर्षांच्या पोराच्या नावावर परक्या मुलखात, परक्या भाषेत, इंग्रज रेसिडेंटला तोंड देत चौदा वर्षं गादी राखायची ही गंमत नाही. एक मुलगी त्यांनी परत मराठी घरात दिली, देवासच्या पवारांकडं. शेवट मुंबईत झाला, १९६८ साली.

"फोटोत कपाळाला कुंकू दिसतंय का बघा," ही म्हणाली. मला चष्म्यातूनही नक्की सांगता येईना.

तिसरा दिवस, रविवार

टोटोवाल्यानंच आपल्या मावसभावाची मारुती ठरवून दिली. तोर्षा नदीचा पूल ओलांडला की घुघुमारी लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शीतलपाटी, म्हणजे गार लागणारी चटई, विणणारी घरं. एका बाईनं वेतासारख्या मुर्ता झुडपाची सळी दाखवली. विळ्यानं तिचे चार उभे काप काढायचे, आतला गर खरवडून टाकायचा, वरची गुळगुळीत साल तेवढी ठेवायची, पाण्यात उकळायची आणि मग विणायची. हात लावला तर खरंच थंडगार. हिनं एक घेतली. ती विमानात कशी न्यायची हा प्रश्न माझ्या वाट्याला आला.

गोसानीमारीला राजपाट नावाचं मातीचं प्रचंड टेकाड आहे. कोचांच्याही आधी इथं खेन राजांची कामतापूर नावाची राजधानी होती. १४९८ च्या सुमाराला गौडच्या हुसेनशहानं ती घेतली. शेजारी कामतेश्वरीचं देऊळ, १६६५ साली राजा प्राणनारायणानं परत बांधलेलं. टेकाडावर शेळ्या चरत होत्या. आम्ही नारळ फोडला आणि निघालो.

वाटेत मी चालकाला विचारलं, तुमची शेती आहे का. तो इथल्या राजवंशी समाजाचा. म्हणाला, आता दोन बिघे आहेत, आजोबा आधियार होते.

आधियार! मी पुढच्या सीटवर सरसावून बसलो. १९०३ साली संस्थानानं स्वतःच्या छापखान्यात जमीन महसुलावर एक जाडजूड ग्रंथ छापला, त्याची प्रत मी मोबाइलवर घेऊन फिरत होतो. त्यातली उतरंड अशी. राज्याला सारा भरणारा तो जोतदार. त्याच्या जमिनीला म्हणायचं जोत. जोतदारानं खंडानं जमीन दिली तो चुकानीदार. त्यानं पुढं दिली तो दर-चुकानीदार, त्याच्याखाली दर-आ-दर, मग तस्य चुकानीदार, आणि आणखीही. शब्द संस्कृत, फारसी, बंगाली मिळेल तिथून उचललेले. प्रत्येक पायरीवर थोडा खंड वाढवून पुढच्याच्या गळ्यात. आणि सगळ्यात खाली आधियार, जो नांगर धरतो आणि निम्मं पीक वर देतो. आपला अर्धेलीनं करणारा. बंगालात बाकी ठिकाणी १७९३ चा कायमधारा होता, सरकार आणि कुळाच्या मध्ये जमीनदार. इथं तो कायदा नाही, कारण हे ब्रिटिश मुलूख नाही. इथं राजाच मालक, आणि जोतदार थेट त्याच्या खात्यावर. कागदावर हे रयतवारीसारखं दिसतं. प्रत्यक्षात जोतदाराखाली पाच मजले उभे. मी आयुष्यभर सातबारा वाचला, पण एका गट नंबरावर सहा माणसांची ताटं लागलेली कधी बघितली नाहीत.

चालकाला यातलं काय सांगायचं? मी विचारलं, आजोबा निम्मं द्यायचे का. तो म्हणाला, निम्मं, वर बियाणाचं वेगळं, आणि जोतदाराकडं लग्न असलं की मासे धरून द्यायला जायचं ते वेगळं.

दिनहाट्याला जेवलो. भात, डाळ, आणि एका छोट्या वाटीत शिदल. सुकवून, कुटून, अळूच्या देठाबरोबर आंबवलेल्या माशाची चटणी. मी खाल्ली. ही दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

मग मशालडांगा. इथं मला यायचंच होतं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्रीपर्यंत हे गाव बांगलादेशात होतं आणि चारी बाजूंना भारत. याला म्हणायचं छिटमहल, म्हणजे शिंतोड्यासारखा उडालेला महाल. भारताच्या हद्दीत बांगलादेशाचे असे ५१ तुकडे होते, बांगलादेशाच्या हद्दीत भारताचे १११. पाहुण्यांना गोष्ट सांगतात की कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळात गावं पणाला लावायचे. गोष्ट गोड आहे, पण कुठल्याही तलाठ्याला ती पटणार नाही. गावं पटावर जात नाहीत, वहीत जातात. खरी भानगड १७११ ते १७१३ च्या तहाची. मोगलांनी बोदा, पाटग्राम, पूर्वभाग हे चकले, म्हणजे महसुली विभाग, घेतले. पण घेतलेल्या मुलखातही काही गावं राजाच्या माणसांच्या ताब्यात राहिली आणि ती राजालाच सारा भरत राहिली. उलट राजाच्या मुलखात मोगल शिपायांनी बळकावलेली काही गावं मोगलांकडं भरत राहिली. ज्याला सारा, त्याचं गाव. नकाशाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. गंमत अशी की ते तीन चकलेही पुढं कूचबिहारच्या राजाकडंच राहिले, पण इजाऱ्यानं आणि मग जमीनदारीनं. एकच माणूस नदीच्या अलीकडं महाराजा, पलीकडं इंग्रज कलेक्टरला सारा भरणारा जमीनदार.

१९४७ ला रंगपूर, बोदा, पाटग्राम पाकिस्तानात गेलं. कूचबिहार हे संस्थान, त्याची फाळणी कशी करणार? ते १९४९ मध्ये अख्खं भारतात आलं, आपल्या सगळ्या शिंतोड्यांसकट. वसुलीच्या वहीतली नोंद आंतरराष्ट्रीय सीमा झाली. एक तुकडा तर असा होता, दहाला खागडाबाडी नावाचा, की बांगलादेशात भारताचं गाव, त्यात बांगलादेशाचं गाव आणि त्यात परत भारताचं पावणेदोन एकर रान.

चहाच्या टपरीवर एक म्हातारे बसले होते. चालकानं त्यांना माझं खातं सांगितलं, तसे ते माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघायला लागले. आमच्याकडं शेतकरी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ज्या नजरेनं बघतात, तीच. मग बोलले. पोराला शाळेत घालायचं तर पलीकडच्या भारतीय गावातला एखादा ओळखीचा माणूस बाप म्हणून लिहायचा. सून बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात न्यायची तर नवऱ्याच्या जागी दुसऱ्याच कुणाचं नाव. जमीन विकायची तर साध्या कागदावर अंगठा, रजिस्टर करायला ऑफिसच नाही. शिवेवर भांडण झालं तर पोलीस यायचे नाहीत, हद्द त्यांची नव्हती. मतदान केलं ते पहिल्यांदा २०१६ ला.

"आणि आता खतियान मिळालं?" मी विचारलं. खतियान म्हणजे तिकडचा सातबारा.

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी. घडी उलगडून माझ्या हातात दिली आणि बोटानं आपलं नाव दाखवलं. मला बंगाली अक्षरं रखडत वाचता येतात. नाव, बापाचं नाव, दाग नंबर (आपला गट नंबर), क्षेत्र. "बापाचं नाव बघा," ते म्हणाले, "बरोबर आहे." दोनदा म्हणाले. मी सवयीनं क्षेत्राची बेरीज करून बघितली, तीही बरोबर होती. सगळ्यांचं असं झालेलं नाही, टपरीवरचा दुसरा माणूस आपल्या तीन बिघ्यांबद्दल तावातावानं बोलायला लागला. चालकानं घड्याळ दाखवलं.

चौथा दिवस, सोमवार, कार्तिकी पौर्णिमा

सकाळी बाणेश्वरला गेलो. शंकराचं देऊळ आणि तलावात मोठाली काळी कासवं. त्यांना मोहन म्हणतात आणि देवासारखं मानतात. तिथून मधुपूरचं सत्र, म्हणजे वैष्णवांचा मठ. आसामचे संत शंकरदेव शेवटच्या काळात नरनारायणाच्या आश्रयाला होते आणि १५६८ मध्ये कूचबिहारातच वारले. चिलारायासाठी त्यांनी कृष्णलीलेचं रेशमी वस्त्र विणवून घेतलं होतं, त्या परंपरेतला एक लांबच लांब पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आसामातून आलेली भजनी मंडळी ओसरीवर बसली होती. आम्हाला वारीची आठवण झाली, एकादशी होऊन चारच दिवस झाले होते.

दुपारी झोप काढली, कारण रात्री रास.

मदनमोहन हा कूचबिहारच्या राजांचा कुलदेव. आताचं पांढरंशुभ्र देऊळ नृपेंद्रनारायणांनीच बांधलेलं, १८८९ ला पुरं झालं. कार्तिकी पौर्णिमेला इथं रासयात्रा सुरू होते आणि शेजारच्या मैदानात जत्रा भरते, ती पंधरा-वीस दिवस चालते. आकाशपाळणे, स्वेटरची दुकानं, कढईत जिलबी. भेटागुडी गावच्या जिलबीचा बोलबाला, तिच्यापुढं मोठी रांग.

देवळाच्या आवारात रासचक्र उभं. बांबूचा उंच आठकोनी मनोरा, त्यावर कातरलेल्या पांढऱ्या कागदाची नक्षी, मध्ये देवदेवतांची चित्रं. ताबूत बघितलेल्या माणसाला कागदाची ती कातर लगेच ओळखू येते. चक्र करणारं घराणं मुसलमान आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच करतं. कोजागरीपासून पौर्णिमेपर्यंत महिनाभर शाकाहार पाळून ते काम होतं. चक्र मधल्या खांबाभोवती फिरतं, आणि भूतानच्या वाटेवर मठांत फिरवतात त्या चाकांची आठवण येते.

पूर्वी पहिला फेरा महाराज द्यायचे. २८ ऑगस्ट १९४९ ला जगद्दीपेंद्रनारायणांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली, १२ सप्टेंबरला राज्य भारत सरकारच्या चीफ कमिशनरच्या ताब्यात गेलं आणि १ जानेवारी १९५० ला कूचबिहार पश्चिम बंगालचा जिल्हा झाला. तो करार इथं अजून लोकांच्या तोंडी असतो. आम्हाला जिल्हा करायचं ठरलंच नव्हतं, असं म्हणणारी वेगळ्या राज्याची चळवळ आहे आणि भिंतींवर तिच्या घोषणा आहेत. देवळांच्या जमिनी-उत्पन्नासाठी देवोत्तर ट्रस्ट झाला आणि त्याचा अध्यक्ष जिल्हाधिकारी. राजाच्या सगळ्या कामांबरोबर हेही काम कलेक्टरच्या टेबलावर आलं.

रात्री गर्दी वाढली. शंख वाजले, बायकांनी उलूध्वनी केला आणि वाट करत पोलीस आले. मागून जिल्हाधिकारी. आयएएस अधिकारी, धोतर आणि उपरणं, दिवसभराचा उपास. पूजेला बसले, पुरोहित सांगेल तसं करत गेले. पळी धरायची सवय नसावी, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. बंदोबस्त, निवडणूक, पंचनामे, अतिक्रमणं करणारा माणूस, तो तिथं राजाच्या पाटावर मांडी घालून बसला होता. मला आमचे एक जुने साहेब आठवले, महापूजेला मंत्र्यांच्या मागं उभं राहून ते हळूच मोबाइलवर पाणीपातळी बघायचे. हे साहेब उठले, चक्राला दोन्ही हात लावले आणि ढकललं. चक्र कुरकुरलं आणि फिरलं.

मग बाकीच्यांची रांग. सव्वा तासानं आमची पाळी आली. हिनं एक फेरा दिला, मी एक दिला. बांबू हाताला गार लागला. आमच्या मागच्या बाईनं कडेवरच्या पोराचा हात चक्राला लावला, पोरानं मूठ मिटली आणि कागदाची एक वेलबुट्टी फाडून हातात घेतली. बाई घाबरली. चक्राच्या पायाशी दाढीवाला एक माणूस खळीचा डबा घेऊन बसलाच होता. तो उठला, पोराच्या मुठीतून कागद अलगद सोडवला, ब्रशनं खळ लावून जागच्या जागी चिकटवला, अंगठ्यानं दाबला आणि रांगेला म्हणाला, "चला, चला."